‘लक्ष्मी’ किती अक्षरांची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कऱ्हाडला राहते आणि एका पतसंस्थेत सभासदांच्या नोंदींचे काम बघते. १९९७ साली लिपिक म्हणून लागले तेव्हा खतावण्या हाताने लिहीत असू. पुढे संगणक आले, मग डेटाबेस आला, आणि हळूहळू तो सगळा माझ्याकडे आला. एसक्यूएल मी कोणत्याही वर्गात शिकले नाही. सॉफ्टवेअरचा माणूस यायचा तेव्हा त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि तो काय टंकतो ते वहीत उतरवून घ्यायचे, अशी शिकले. ती वही अजून माझ्या खणात आहे, आणि हे पत्र बरेचसे तिच्यातूनच लिहिते आहे.

पत्राला निमित्त झाले दिवाळीच्या सुटीचे. माझी भाची बारावीला आहे, सीबीएसईला, आणि तिचा एक विषय ‘इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस’. त्यात एसक्यूएल आहे. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते: रकाने आणि ओळी असलेल्या तक्त्यांत माहिती साठवलेली असते, आणि त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची ही भाषा. या भाषेसोबत काही छोटी अवजारे तयार मिळतात, त्यांना फंक्शन म्हणतात. शब्दाची लांबी मोजणारे लेंग्थ, डावीकडून तुकडा काढणारे लेफ्ट, कडेच्या मोकळ्या जागा छाटणारे ट्रिम, सगळी अक्षरे मोठी करणारे अप्पर, आकडा पूर्णांकात आणणारे राउंड, तारखेतून महिन्याचे नाव काढणारे मंथनेम. भाचीच्या प्रॅक्टिकलच्या वहीत ही सगळी नीट लिहिलेली होती, प्रत्येकापुढे उदाहरण आणि उत्तर. मात्र उदाहरणातला प्रत्येक शब्द इंग्रजी.

मी तिला म्हटले, “या लेंग्थमध्ये ‘लक्ष्मी’ घालून बघ.”

तिने घातले. उत्तर आले २१.

“मावशी, काहीतरी चुकलंय.”

“काही चुकलेलं नाही. आता कॅरॅक्टर लेंग्थ वापर.”

उत्तर आले ७. मग मी तिला म्हटले, बोटांवर मोज. ती म्हणाली, “ल... आणि क्ष्मी. दोन.”

एकच शब्द, आणि त्याची लांबी दोन, सात आणि एकवीस. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. आपल्याला दिसतात ती अक्षरे दोन. संगणक ‘लक्ष्मी’ साठवतो तो ल, क, पायमोड, ष, पायमोड, म आणि दीर्घ वेलांटी अशा सात कोडमध्ये. आणि युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना कोड देणाऱ्या प्रमाणाच्या, नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोड तीन बाइट (बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीचे छोटे माप) घेतो, म्हणून सात त्रिक एकवीस. मायएसक्यूएल या डेटाबेसमधले लेंग्थ बाइट मोजते, कॅरॅक्टर लेंग्थ कोड मोजते. इंग्रजी शब्दाला दोन्हींचे उत्तर एकच येते, त्यामुळे इंग्रजी उदाहरणांवर शिकणाऱ्याला हा फरक कधी दिसतच नाही.

माझी भाची हुशार आहे, तिचे शिक्षकही मनापासून शिकवतात. पण बारावीपर्यंत तिने एसक्यूएलमध्ये एकही मराठी शब्द टंकलेला नव्हता. उद्या हीच मुलगी, किंवा तिच्यासारखी कुणी, आमच्यासारख्या संस्थेत, नगरपालिकेत, एखाद्या रुग्णालयात कामाला लागेल आणि तिच्यासमोर येतील ती मराठी नावे. त्यासाठीच हे पत्र.

हा फरक काही काल-परवा उपटलेला नाही. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत १९७४ साली ही भाषा मांडली, तेव्हा तिचे नाव सीक्वेल होते. १९९२ साली तिचे जे प्रमाण ठरले त्यात कॅरॅक्टर लेंग्थ आणि ऑक्टेट लेंग्थ अशी दोन वेगळी फंक्शने नेमून दिलेली आहेत, एक अक्षरचिन्हांसाठी, एक बाइटसाठी. म्हणजे करणाऱ्यांनी विचार केला होता. आणखी एक घोळ असा की वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि गटांच्या डेटाबेसांत लेंग्थ हाच शब्द एकाच अर्थाचा नाही. पोस्टग्रेसमध्ये लेंग्थ कोड मोजते आणि बाइटसाठी ऑक्टेट लेंग्थ वापरावे लागते. ओरॅकलमध्ये लेंग्थ कोड मोजते, बाइटसाठी लेंग्थबी आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लेन हे फंक्शन शब्दाच्या शेवटच्या मोकळ्या जागा धरतच नाही, बाइटसाठी डेटालेंग्थ निराळे. एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी डोळे मिटून वापरले की फसगत होते.

आता हे घरगुती कोडे नाही हे सांगते. रकान्याची रुंदी ठरवताना कुणी तीस लिहिले, तर ते तीस काय? मायएसक्यूएलमध्ये तीस कोड. ओरॅकलमध्ये वेगळे काही सांगितले नाही तर तीस बाइट. तीस बाइटमध्ये ‘महाराष्ट्र’ हा एकच शब्द मावतो. म, ह, काना, र, काना, ष, पायमोड, ट, पायमोड, र असे दहा कोड, तीस बाइट, आणि रकाना भरला. तिथे कुणाचे पूर्ण नाव कसे बसणार?

आमच्याकडे पासबुकाच्या छपाईत नावाला जागा कमी, म्हणून पूर्वी कुणीतरी लेफ्ट वापरून नाव कापले होते. ‘ज्ञानेश्वर’चे पहिले आठ कोड घेतले तर ‘ज्ञानेश्’ एवढे उरते, शेवटी श पाय मोडून उभा. ओळखपत्रावर नावाचे आद्याक्षर हवे होते, तिथे लेफ्टला एक सांगितले होते. श्रीकांतचा झाला ‘श’, ज्ञानेश्वरचा ‘ज’, क्षमाचा ‘क’. आपल्यात कुणी श्रीकांतचे आद्याक्षर ‘श’ लिहील का? ‘श्री’च लिहितो. एका सभासदाने ओळखपत्र परत आणून दिले आणि म्हणाला, हे माझे नाही.

त्यावरून मी माझ्यापुरती एक मोजणी बसवली, ती इथे देते, कुणाला उपयोगी पडली तर बरे. नावातला पायमोड रिप्लेस फंक्शनने पुसायचा, आधीच्या लांबीतून पुसलेल्याची लांबी वजा करायची, म्हणजे पायमोड किती ते कळते. तसेच काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार किती ते काढायचे. मग एकूण कोडमधून ही सगळी चिन्हे वजा करायची आणि पायमोडांची दुप्पट वजा करायची. लक्ष्मी: सात वजा एक वेलांटी, वजा दोन पायमोडांचे चार, उरले दोन. ज्ञानेश्वर: दहा वजा काना आणि मात्रा असे दोन, वजा चार, उरले चार. शब्दाच्या शेवटी पायमोड असेल तर एकची दुरुस्ती करावी लागते. हे मी वहीत २०१४ साली लिहिले आहे, पाठीमागे चहाचा डाग आहे.

पण ज्या गोष्टीने मला खरोखर हे सगळे शिकायला लावले ती आद्याक्षरांची नव्हे. ती आहे कॉन्कॅट या फंक्शनची.

सप्टेंबरात आमची वार्षिक सर्वसाधारण सभा असते. त्याआधी प्रत्येक सभासदाला नोटीस आणि अहवाल टपालाने जातो. पत्त्याच्या चिठ्ठीवर पूर्ण नाव हवे, म्हणून नाव, मधले नाव आणि आडनाव असे तीन रकाने कॉन्कॅटने जोडलेले होते. त्या वर्षी सभा झाली, लाभांश वाटप सुरू झाले, आणि एक दिवस मंडईत भाजी विकणाऱ्या एक वयस्क बाई काउंटरवर आल्या. पाऊस होता, पदर डोक्यावरून घेतलेला. संस्था सुरू झाली त्या काळातल्या सभासद. मला म्हणाल्या, “बाई, माझं नाव काढून टाकलं का गं? औंदा पत्र नाही आलं.”

मी त्यांचे खाते उघडले. शेअर होते, ठेव होती, पत्ता बरोबर होता. फक्त मधल्या नावाचा रकाना रिकामा होता. त्यांनी फॉर्म भरताना मधले नाव लिहिले नव्हते; त्यामागे त्यांचे त्यांचे कारण होते आणि ते विचारायचा मला अधिकार नाही. डेटाबेसमध्ये अशा न भरलेल्या जागेला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरा शब्दही नव्हे. ‘माहीत नाही’ एवढाच त्याचा अर्थ. आणि मायएसक्यूएलच्या कॉन्कॅटचा नियम असा की जोडायच्या भागांपैकी एक जरी नल असला तर सबंध उत्तर नल. बाईंचे नाव होते, आडनाव होते, पण मधले एक माहीत नाही म्हणून यंत्राने सगळेच माहीत नाही असे ठरवले. चिठ्ठीवर पत्ता छापला गेला आणि नावाची ओळ कोरी राहिली. चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या मुलाने कोऱ्या नावाच्या चिठ्ठ्या खराब समजून बाजूला टाकल्या.

मी त्या रात्री घरी उशिरा गेले. मधले नाव रिकामे असलेले सगळे सभासद काढले. बहुतेक बायका होत्या. एकट्या राहणाऱ्या, सोडलेल्या, सोडून आलेल्या, काही अनाथाश्रमात वाढलेल्या मुली. ज्यांचे नाव जपून लिहायला हवे नेमके त्यांचेच नाव यादीतून नाहीसे होत होते, आणि कुणालाही त्याचा पत्ता नव्हता, कारण संगणकाने चूक दाखवलीच नव्हती. त्याच्या नियमाप्रमाणे ती चूक नव्हतीच.

उपाय एका ओळीचा निघाला. कोअलेस नावाचे फंक्शन असते. त्याला दोन-चार पर्याय द्यायचे, त्यातला पहिला जो नल नाही तो ते देते. मधले नाव नसेल तर कोरा शब्द घे, असे त्याला सांगायचे. किंवा कॉन्कॅट डब्ल्यूएस वापरायचे, ते मधली जागा घालत जोडत जाते आणि नल आला की त्याला ओलांडून पुढे जाते. फक्त रकान्यात नल नसून कोरा शब्द असेल तर ते ओलांडत नाही, दोन जागा पडतात. तिथे आधी नलइफ वापरून कोऱ्या शब्दाचे नल करून घ्यावे लागते. इथेही प्रत्येक डेटाबेसचा कायदा वेगळा. एसक्यूएल सर्व्हरचे आणि पोस्टग्रेसचे कॉन्कॅट नलला कोरे धरते, पण त्याच पोस्टग्रेसमध्ये दोन उभ्या रेघांनी जोडले की नल सगळे गिळतो. ओरॅकलमध्ये त्याच दोन रेघा नलला कोरे धरतात.

हे आत्ता पुन्हा सांगण्याचे कारण आहे. राज्य शासनाने २०२४ साली निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बाळाचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायचे. मला हा निर्णय मनापासून आवडला. पण त्यामुळे तीन रकान्यांचे चार झाले. ज्या ज्या ठिकाणी कॉन्कॅटने नावे जोडली जातात त्या प्रत्येक ठिकाणी आता नलला शिरायला आणखी एक दार झाले. जुन्या नोंदींत आईच्या नावाचा रकाना रिकामाच असणार. नवा रकाना जोडताना कुणी कोअलेस विसरला, तर आईचे नाव आणण्यासाठी केलेल्या बदलातच जुन्या लोकांची पूर्ण नावे कोरी होतील. माझी विनंती आहे की अशा यंत्रणा सांभाळणाऱ्यांनी, शाळांची असोत, दवाखान्यांची असोत, या आठवड्यातच एकदा तपासून बघावे.

आता आमच्या गावाबद्दल. आमच्या गावाचे नाव सरकारी कागदांत बहुधा ‘कराड’ असते, आणि आम्ही जुनी माणसे ‘कऱ्हाड’ लिहितो. ते दोन झाले. पण खुद्द ‘कऱ्हाड’ संगणकात एकापेक्षा जास्त प्रकारे साठतो. त्यातला तो अर्धा र, ज्याला आडव्या रफाराचा किंवा पापणीचा र म्हणतात, तो मराठीचे लेणे आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा, हा भेद तोच दाखवतो. हा र एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि पायमोड असा पडतो. दुसऱ्या कीबोर्डवर साधा र, पायमोड आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असा पडतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शब्दांची तुलना आणि क्रम ठरवणाऱ्या नियमाला कोलेशन म्हणतात; आमच्या रकान्याची तुलना ‘बिन’ प्रकारच्या कोलेशनने, म्हणजे कोडास कोड लावून होत होती. त्यामुळे गावात राहणारे सभासद किती असे विचारले की उत्तर कमी यायचे. कित्येक महिने कुणाच्या लक्षात आले नाही.

मी ते पकडले कॅरॅक्टर लेंग्थने. गावाचे नाव आणि त्याची लांबी असे गट पाडले तर ‘कऱ्हाड’ दोनदा आले, एकापुढे ६ आणि एकापुढे ७. मग हेक्स हे फंक्शन लावले. ते शब्दाच्या आतले बाइट उघडून दाखवते. सातवाल्यात मधोमध ‘ई२ ८० ८डी’ अशी तीन बाइटची साखळी होती. तेच ते अदृश्य जोडचिन्ह. ट्रिमने ते जात नाही, कारण ट्रिम फक्त दोन्ही कडांच्या साध्या मोकळ्या जागा काढते, आणि हे चिन्ह शब्दाच्या पोटात असते. शेवटी रिप्लेस वापरून सगळीकडे एकच पद्धत केली. ज्यांच्याकडे पोस्टग्रेस आहे त्यांना १३व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ हे फंक्शन मिळते. खालचे टिंब वेगळे टंकले गेले असेल तर ते त्याला र शी जोडून एक करते, पण जोडचिन्हाच्या पद्धतीला ते हात लावत नाही; तिथे रिप्लेसच. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे या आडनावांच्या मंडळींनी आपले नाव एखाद्या ऑनलाइन यादीत सापडत नाही म्हणून डोके धरले असेल, तर कारण बहुधा हेच आहे.

साउंडेक्सबद्दल मला जास्त लिहायचे आहे, कारण ते वरवर फार उपयोगी दिसते. एकाच उच्चाराची नावे वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिलेली असली तरी ती एकत्र यावीत म्हणून हे आहे. रॉबर्ट रसेल नावाच्या अमेरिकी माणसाने १९१८ साली त्याचे पेटंट घेतले. १९३०च्या दशकात अमेरिकेत जुन्या जनगणनांतली नावे शोधण्यासाठी या पद्धतीने सूची तयार केल्या गेल्या. पहिले अक्षर तसेच ठेवायचे. बी, एफ, पी, व्ही यांना १, सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २, डी, टी यांना ३, एलला ४, एम, एन यांना ५, आरला ६. स्वर, एच, डब्ल्यू, वाय गाळायचे. एक अक्षर आणि तीन आकडे झाले की थांबायचे, कमी पडले तर शून्ये.

आमच्याकडे एकदा कर्जदारांची इंग्रजीत लिहिलेली यादी आली आणि दुबार नावे शोधायला साउंडेक्स लावावे असे एका सल्लागाराने सुचवले. मी कागदावर करून बघितले. शिंदे: एस, मग एचआय गळाले, एनचे ५, डीचे ३, म्हणजे एस५३०. सावंत: एस, ए-डब्ल्यू-ए गळाले, एनचे ५, टीचे ३. तेही एस५३०. शिंदे आणि सावंत एक! कुलकर्णी के४२६, केळकर के४२६. आणि उलट बाजूला, विदर्भाकडचे जाधव शेवटी व्हीऐवजी ओ लिहितात, तर आमच्याकडच्या जाधवांचा कोड जे३१० आणि त्यांचा जे३००. वाघ कुणी डब्ल्यूने लिहितो, कुणी व्हीने. पहिले अक्षरच वेगळे, म्हणून ते कधी भेटणारच नाहीत. ज्यांना एकत्र यायचे ते वेगळे पडले आणि ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही ते एका गठ्ठ्यात. आणि हा गठ्ठा थकबाकीदारांचा होता. एका सावंताच्या दारात शिंदेंच्या कर्जाची नोटीस गेली असती.

देवनागरीत नाव घातले तर आणखी वेगळे. मायएसक्यूएलच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिले आहे की हे फंक्शन इंग्रजीपुरते नीट चालते आणि ए ते झेड सोडून इतर अक्षरे स्वर धरली जातात. म्हणजे आपली सगळी व्यंजने त्याच्या लेखी गाळण्यासारखी. मी ते बाजूला ठेवले आणि रिप्लेसची माळ करून नावे जुळवण्याची स्वतःची कळ बनवली: सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या दीर्घ, ऱ्हस्व उकार दीर्घ, श आणि ष यांचा स, ण चा न, ळ चा ल, अर्ध्या न चा अनुस्वार. सुनील आणि सुनिल भेटले, शिंदे आणि शिन्दे भेटले, आणि सावंत आपल्या जागी राहिले. आपल्या चुका कुठे होतात हे आपल्यालाच माहीत असते, अमेरिकेतल्या पेटंटला नाही.

रिव्हर्सही बघा. शब्द उलटा करणारे फंक्शन. लहानपणी आपण सगळ्यांनी वाल्या कोळ्याची गोष्ट ऐकली आहे; तो ‘मरा मरा’ म्हणत गेला आणि त्यातून ‘राम राम’ झाले. मी हौसेने रिव्हर्समध्ये ‘राम’ घातला. ‘मरा’ यायला हवे होते, आले ‘मार’. र, काना, म हे तीन कोड उलटे केले की म, काना, र. काना र चा होता, तो म ला जाऊन चिकटला. भाचीला मी हे दाखवले तेव्हा ती गप्प झाली आणि मग तिने स्वतःहून वहीत लिहून घेतले: संगणकाला काना कोणाचा ते माहीत नसते. तिच्या वहीतले मला सर्वांत आवडलेले वाक्य.

इतर काही पटापट सांगते. रकमा देवनागरी आकड्यांत टंकल्या असतील तर सम हे बेरजेचे फंक्शन मायएसक्यूएलमध्ये ० देते; एका बचत गटाचे रजिस्टर असेच शून्यावर आले होते. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि २०१७ पासून एसक्यूएल सर्व्हर यांत ट्रान्सलेट आहे, त्याने दहाही आकडे एका फटक्यात बदलतात. मायएसक्यूएलमध्ये दहा रिप्लेस एकात एक घालावे लागतात. क्वार्टर हे फंक्शन जानेवारीपासून तिमाही मोजते, आपले वर्ष एप्रिलपासून, म्हणून आधी तारखेतून तीन महिने वजा करून घ्यावेत. नावे कोडच्या क्रमाने लावली तर क्षीरसागर मंडळी यादीत क च्या शेवटी, ख च्या आधी सापडतात, आणि ती बिचारी शाळेच्या तक्त्याप्रमाणे ह च्या पुढे शोधत बसतात. ळ सुद्धा ल च्या मागोमाग येतो, ह नंतर नव्हे. पोस्टग्रेसमध्ये मराठीसाठी वेगळे कोलेशन निवडता येते, ते निवडावे. अप्पर आणि लोअर मात्र आपल्याला निरुपद्रवी आहेत, देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत.

मला या भाषेबद्दल तक्रार नाही. ही फंक्शने नसती तर मी बावीस वर्षे हे काम एकटीने करू शकले नसते. ती बनवणाऱ्यांनी नियम लिहून ठेवले आहेत, प्रत्येक माहितीपत्रकात. तक्रार आहे ती आपण मराठी माणसे ती मराठी शब्दांवर कधी चालवूनच बघत नाही याची. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत दहा प्रश्न असतात, त्यात एक तरी प्रश्न असा ठेवा की तक्त्यातली नावे देवनागरीत आहेत. मुलांना घरच्या माणसांची नावे आणायला सांगा. त्यात एक क्षमा असू दे, एक ज्ञानेश्वर, एक गोऱ्हे, आणि एक असे नाव ज्याला मधले नाव नाही. संस्थांनी नवे सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला पहिल्याच बैठकीत तीच नावे टंकायला सांगावीत. मी सांगते. अर्ध्या तासात बरेच कळते.

त्या मंडईतल्या बाईंना त्या वर्षी मी नोटीस आणि अहवाल स्वतः नेऊन दिला. त्यांनी लिफाफ्यावरचे नाव बोटाने चाचपून पाहिले, त्यांना वाचता येत नव्हते, मला विचारले, “आहे ना?” मी वाचून दाखवले. पुढच्या सप्टेंबरात त्यांचे पत्र टपालाने गेले.

माझ्या वहीत अशी चाळीसेक नावे आहेत, प्रत्येकापुढे ते कुठल्या फंक्शनला अडले आणि कसे सुटले ते लिहिलेले. कुणा शिक्षकाला ती वर्गात वापरायची असली तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी झेरॉक्स काढून पाठवीन.

आपली नम्र,
एक वाचक, कऱ्हाड
(संस्थेत नोकरीला असल्याने नाव छापू नये ही विनंती. गावाचे नाव छापताना मात्र ‘ऱ्ह’ तेवढा सांभाळावा.)